आखणी, पेणच्या अर्थाने

रोहा,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप सौ. मालूआत्यास,

रोह्याहून दिशाचा वाकून नमस्कार. (वाकून असं उगाच लिहिलेलं नाही. खोलीवर टेबल नाही, पत्र ट्रंकेवर ठेवून लिहितेय, त्यामुळे खरोखरच वाकलेय.) तुझं मनगट कसं आहे? शेक घेतेस का, की शेकाची पिशवी अजून फ्रिजवर तशीच पडलीय? दिनानाथकाकांचा खोकला कमी झाला का? पॉलिश पेपर मारताना ते तोंडाला रुमाल बांधतात की नुसता गळ्यात ठेवतात, हेही कळव. मी इथे बरी आहे. जेवते वेळेवर. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे उत्तरात तू पुन्हा तेच विचारणार नाहीस.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन करायचा सोडून पोरगी पत्र का लिहितेय असं वाटेल, पण फोन मी केला होता, गेल्या गुरुवारी, आणि त्यातून काय झालं ते पुढे येईलच. तुमच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर चालू असला की तुला शब्द अर्धेच ऐकू येतात आणि उरलेले तू मनाने भरतेस. पत्राचं तसं होत नाही. हे पत्र आपल्या टेंपोवाल्या सुशीलदादाच्या हाती देतेय. तो उद्या कच्च्या मूर्ती घेऊन कोलाडला येणार आहे, परतताना रोह्यात थांबेन म्हणालाय. त्याने वाटेत उघडून वाचू नये म्हणून पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलंय. (दादा, तरीही वाचत असशील तर टेंपो आधी बाजूला घे.)

मुख्य गोष्ट आधीच सांगते, कारण लपवून ठेवली की माझ्या पोटात दुखतं. येत्या शनिवारी आमचे परीक्षक येणार आहेत. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे गणपती, आणि त्याला अजून डोळे नाहीत.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर मी इथे काय शिकते तेही एकदा नीट सांगायला हवं. घरात ते कुणालाच ठाऊक नाही, आणि चूक माझीच आहे. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी, गडबला, गेले होते तेव्हा शेजारच्या ठमाबाईंनी विचारलं आणि मी 'डिजिटल आर्ट' म्हणाले. त्यांनी ते 'डिझेल आर्ट' असं ऐकलं. तेव्हापासून अख्ख्या गडबमध्ये माझा लौकिक तसाच आहे. गेल्या सुट्टीत त्या बाबांना म्हणाल्या, पोरगी एवढं शिकली तर आमचं पाण्याचं इंजिन खोकतंय तेवढं बघेल काय. बाबांनी हो म्हणून टाकलं. मी गेले, इंजिन पाहिलं, त्याचं एक चित्र काढून दिलं आणि परत आले. ते चित्र त्यांनी पंपाच्या खोलीत लावलंय, इंजिन अजून खोकतंय.

तर खरं असं आहे. आम्ही संगणकाच्या पडद्यावर मूर्ती घडवतो, चारही बाजूंनी फिरवून बघता येईल अशी. माझ्या प्रकल्पात रिकाम्या पाटाकडे फोन धरला की फोनमध्ये त्या पाटावर बाप्पा बसलेले दिसतात. गणपतीत ज्यांना घरी येता येत नाही, परदेशात असतात, किंवा कंपनीत शिफ्ट लागलेली असते, त्यांच्यासाठी. (काकांना सांग, याने आपल्या धंद्याला काही होणार नाही. या बाप्पाला हार घालायला गेलं तर हार पाटावर पडतो.) आणि हे सगळं मला जमतं ते विद्यापीठामुळे नव्हे, हेही मला लिहून ठेवू दे. पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात शरीररचना शिकवत होते तेव्हा सगळे वही काढून बसले होते. मला सोंडेचं वळण, पोटाचा घेर, मांडी घातल्यावर गुडघा कुठे येतो, सगळं आधीच येत होतं. तुझ्या कारखान्यात शाळा सुटल्यावर पोत्यावर बसून आधी शाडू मळायची, मग उंदीर घासायचे, मग जानवं, मग नखं. नखांवर मी दोन वर्षं होते. तिसऱ्या वर्षी पितांबराच्या काठाला बढती मिळाली, तेव्हा आईने साखर वाटली होती.

डोळ्यांपर्यंत मात्र मी कधी पोचले नाही. चौदाव्या वर्षी विचारलं होतं, तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू अंबाड्यात खोचलेला बारीक कुंचला काढलास, माझ्याकडे बघितलंस, तो परत अंबाड्यात खोचलास आणि म्हणालीस, "आदी बघायला शीक गो. डोळं काय पळून जात नाय." त्यानंतर मी विचारलं नाही. तू हो म्हणेपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही, हा माझा नियम. आणि डोळे नाहीत तोवर तो नग, डोळे झाले की बाप्पा, नगाला हलवा, उलटा करा, कापा, बाप्पाला पाय लागू द्यायचा नाही, हा तुझा नियम. हे दोन्ही नियम मी रोह्याला ट्रंकेत घालून आणले, आणि सगळी पंचाईत त्यांच्यामुळेच झाली.

पहिली पंचाईत जानेवारीत. प्रकल्पाचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: 'प्रकल्पाची आखणी: कोण करणार, केव्हा, अंदाजे कालावधी.' मला फार बरं वाटलं. विद्यापीठाच्या छापील फॉर्ममध्ये आखणीला वेगळा रकाना! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सौ. मालू दिनानाथ, पेण. सर्व काम संपल्यावर, शेवटच्या दिवशी. दहा मिनिटं. (मनगट दुखत असल्यास पंधरा.)'

आत्या, आपण पेणकर डोळे काढण्याला आखणी म्हणतो. बाकी महाराष्ट्र आखणी म्हणजे काम सुरू करण्याआधी ते कसं करायचं याचा विचार, असं समजतो. हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या नमिता मॅडम पुण्याच्या. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, म्हणजे तू आधी सगळं करून टाकणार आणि शेवटी दहा मिनिटांत ठरवणार की काय करायचं होतं? मी म्हटलं, हो मॅडम, आमच्याकडे तीन पिढ्या असंच चालतं. त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, आपल्या या रखडलेल्या हायवेचं कामही तुझ्या आत्यांकडेच आहे का? वर्ग हसला. मला वाटलं तुझं कौतुक चाललंय, म्हणून मीही हसले. तेव्हापासून बाहेरचं कुणी आलं की मॅडम माझी ओळख 'हिची आखणी पेणला होते' अशी करून द्यायच्या आणि मी मान डोलवायचे.

दुसरी पंचाईत सोंडेची. आमच्या संगणकात एक सोय असते. ती चालू ठेवली की तुम्ही डाव्या बाजूला जे कराल ते उजवीकडे आपोआप होतं. कान एक केला की दोन होतात, हात दोन केले की चार. मी खूश. काकांना ही सोय दाखवली तर ते रडतील असं वाटलं. मग सोंड डावीकडे वळवली. मान वर करून बघते तर दुसरी सोंड उजवीकडे निघालेली. एक दात मोडला तर दुसरा आपोआप मोडला. एका हातात मोदक दिला तर समोरच्या हातातही आला, आता दोन सोंडा दोन मोदकांकडे निघालेल्या, आणि दात एकही नाही. मी ती खिडकी झाकली आणि हात जोडले. (तेव्हा डोळे नव्हते, म्हणजे तो नगच होता, तरी जोडले.) सोय बंद करून पुन्हा पहिल्यापासून केलं. सोंडेच्या वळ्या एकेक मोजून, तुझ्यासारख्या. मार्चअखेरीस नग तयार झाला, आणि खोटं कशाला बोलू, चांगला झाला. किरीट तर काकांनीसुद्धा नावं ठेवली नसती. राहिली फक्त आखणी. आता तुला विचारायचं कसं, या विचारात तीन आठवडे गेले.

आणि मग गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पिंकीने घोटाळा केला. पिंकी माझी खोलीवरची मैत्रीण. मनाने सोनं आहे, पण थांबता येत नाही. तिला वाटलं, दिशा डोळे लावायला घाबरतेय, आपण मदत करू. मी डबा धुवायला गेले तेवढ्यात तिने स्वतःच्या फोटोतले स्वतःचे डोळे कापून माझ्या गणपतीला बसवले. फोटो तिच्या बहिणीच्या हळदीतला. मी परत आले तर पडद्यावर बाप्पा, डोळ्यांत काजळ, काजळाला बाहेर काढलेलं टोक, पापण्यांवर चमकी, आणि नजर अशी की आता कुणीतरी नाचायला बोलवावं.

पिंकी म्हणाली, नको असेल तर एक बटण दाब, जातील. तेच तर, आत्या! नगाचं काहीही करता येतं, पण डोळे झाले होते. कुणाचे का असेनात, झाले होते. बाप्पाचे डोळे बटण दाबून काढायचे? माझा हात पुढे होईना. तेव्हा तुला फोन केला. कॉम्प्रेसर चालू होता. मी ओरडून म्हटलं, "आत्या, बाप्पाला पिंकीचे डोळे आलेत, काय करू?" तू म्हणालीस, "डोळं आलं? मंग गार पान्याने धू म्हनावं, आनि तू तिचा टावेल वापरू नको गो. जेवलीस काय?" आणि फोन ठेवलास. मी तुझा सल्ला पाळला. पिंकीचा टॉवेल अजून वापरत नाही.

आता प्रश्न पुढचा. बाप्पा आले म्हणजे निदान दीड दिवस तरी राहणार. आणि आमची प्रयोगशाळा पाचला बंद होते, सगळे संगणक बंद करून. त्यावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांचं नाव गणेश. पन्नाशीचे आहेत, नियमाला फार पक्के, आम्ही त्यांना गणेशभाऊ म्हणतो. पाच वाजता ते म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, गणपती बंद करता येणार नाही भाऊ. ते म्हणाले, गणपती कोण, मी गणेश, आणि बंद करा. मी सगळं समजावून सांगितलं. ते माझ्याजवळ आले, पडदा बघितला, चप्पल काढली, बाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले, डोळ्यांत काय घातलंय हे. मग त्यांनी नोंदवही उघडली. तिथे 'संगणक चालू ठेवण्याचे कारण' असा रकाना आहे, त्यात त्यांनी लिहिलं, 'पाहुणे.' संगणकावर कागद चिकटवला: 'बंद करू नये. आत बाप्पा आहेत.'

शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर समोर दोन चिक्क्या, एक जास्वंद आणि पुढच्या परीक्षेचं एक हॉलतिकीट ठेवलेलं. दहा मिनिटं माउस हलवला नाही की पडदा काळा होतो, म्हणून वर्गातल्या मुलांनी पाळ्या लावून माउस हलवला. दुपारी वीज गेली तेव्हा बॅटरीचा डबा टीं टीं वाजायला लागला, तर मागच्या बाकावरून कुणीतरी आरती सुरू केली. नमिता मॅडम दारातून हे बघून आल्या पावली परत गेल्या.

संध्याकाळी दीड दिवस भरला. पण विसर्जन कसं करायचं? नको असलेल्या गोष्टी संगणकात जिथे टाकतात तिथे कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. तिथे बाप्पांना पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी त्यांना पेनड्राइव्हमध्ये घेतलं. (काका पेणड्राइव्ह म्हणतात, मला आता वाटतं तेच बरोबर आहे.) नुसती नक्कल नाही घेतली, मूळच तिकडे हलवलं, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी बाप्पा ठेवणं मला बरं वाटेना. कुंडलिकेवर जाणार होते, पण नदीत प्लॅस्टिक टाकायचं नाही हेही तूच शिकवलंयस. म्हणून खोलीवरच्या निळ्या बादलीत. पिंकीने टाळ्या वाजवल्या, मी अक्षता टाकल्या, तीनदा खालीवर केलं आणि सोडलं. पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं आणि तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. बिनडोळ्यांचा नग, किरीट, पाट, फॉर्म, माझं जानेवारीपासूनचं सगळं काम त्याच पेनड्राइव्हमध्ये होतं. संगणकावर मी काहीच ठेवलं नव्हतं.

मी रडले, हे लिहायला हरकत नाही. पिंकी रडली नाही, तिने बादलीत हात घातला. तिच्या मते ओला फोन तांदळात ठेवला की बरा होतो, तर हेही होईल. बाबांनी गडबहून पाठवलेला तांदळाचा डबा होता, त्यात पेनड्राइव्ह पुरला आणि दोन दिवस आम्ही पावावर राहिलो. (मघाशी जेवते वेळेवर असं लिहिलं, ते या दोन दिवसांना लागू नाही. खोटं नको.) सोमवारी गणेशभाऊंनी चप्पल बाहेर काढून तो आपल्या हाताने लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग हळूहळू पाट दिसला, पाय, पोट, सोंड, किरीट. सगळं जसंच्या तसं. फक्त पिंकीचे डोळे तेवढे गेले होते. त्या जागी कोरं. गणेशभाऊ चप्पल घालायला बाहेर गेले, म्हणाले, बाप्पा गेले, हा नग आहे.

मॅडम आल्या. डोळे का नाहीत विचारलं. मी म्हटलं, आखणी राहिलीय. त्या म्हणाल्या, शनिवारी परीक्षक आणि तुझी अजून आखणी राहिलीय? मग मात्र मी बोलत बसले नाही, मागच्या वर्षी मी फोनवर घेतलेलं तुझं चित्रीकरण दाखवलं. त्यात तू काकांना हाताने खूण करतेस, कॉम्प्रेसर बंद होतो, सगळे गप्प होतात, तू श्वास धरतेस आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतेस. मॅडमनी ते तीनदा बघितलं. म्हणाल्या, म्हणजे ही आखणी! आणि जानेवारीपासून मी काय काय बोलले गं तुला. मंगळवारी त्यांनी मला नवा फॉर्म दिला. त्यात शेवटी हाताने एक ओळ वाढवलीय: 'आखणी (पेणच्या अर्थाने)' आणि पुढे मोकळी जागा. ती भरल्याशिवाय आणि डोळे असल्याशिवाय प्रकल्प परीक्षकांपुढे जाणार नाही. मॅडम म्हणाल्या, निदान एक डोळा काढ, दुसरा त्या सोयीने आपोआप येईल. मी नाही म्हटलं. तू काढलेला उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित जास्त उघडा असतो, हे मला पोत्यावर बसून बसून पाठ आहे.

तर शनिवारी सकाळच्या गाडीने तू रोह्याला आलीस तर बरं होईल. पडद्यावर काढायचं पेन असतं, हलकं आहे, मनगटाला जड जाणार नाही. दहा मिनिटांचं काम. जमलं तर ये, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस, मी मॅडमना काहीतरी खरं कारण सांगेन. काकांना नमस्कार, कारखान्यातल्या सगळ्यांना आठवण. खोकल्याला रुमाल तोंडावर, गळ्यात नाही.

मनगट जप.

तुझीच, नखांपासून पितांबरापर्यंत,
दिशा

ता. क. : 'जमलं तर ये' असं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात. त्यात 'प्रमुख उपस्थिती: आखणीतज्ज्ञ सौ. मालूताई, पेण' असं आहे. मी मॅडमना म्हटलं, आधी आत्याला विचारते. त्या म्हणाल्या, विचार की, छापायला दिलंय.

ता. क. २ : आणखी एक कबुली. डिसेंबरपासून मी वहीत डोळे काढतेय. पण नियम मोडलेला नाही, कारण जोडी कधीच काढली नाही. तीनशेच्या वर झालेत, सगळे डावे. डावा मला आता बरा येतो. उजव्याचं सांगू शकत नाही.

ता. क. ३ : म्हणजे खरं विचारायचंय ते असं, की तू ये, पण डोळे काढायला येऊ नकोस. माझ्या मागे उभी राहा. कॉम्प्रेसर नाही इथे, पण तू हाताने खूण केलीस तर गणेशभाऊ पंखा बंद करतील. मी बघायला शिकलेय असं मला वाटतं. चुकत असेन तर तिथल्या तिथे सांग, सगळ्यांसमोर सांगितलंस तरी चालेल.

ता. क. ४ : फॉर्म सोबत जोडलाय. 'आखणी (पेणच्या अर्थाने)' याच्यापुढे मी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, माझं नाव लिहिलंय. तुला योग्य वाटलं तर त्यावर पेनाने गिरव. नाही वाटलं तर खोडून तुझं घाल. खोडरबर पाकिटातच आहे.

ता. क. ५ : खोडरबर पिंकीचा आहे. वापरला, न वापरला, तरी शनिवारी आठवणीने परत आण. तिचे डोळे एकदम ठीक आहेत.